कांद्यात दाबलेला बर्गर: एल रिनोतल्या एका काटकसरीचं प्रकरण

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात, ओक्लाहोमा सिटीहून आय-४० महामार्गाने पश्चिमेला निघालं की पाऊण तासाच्या आत एल रिनो लागतं. कॅनेडियन काउंटीचं हे मुख्य ठिकाण, वस्ती सतरा हजारांच्या आसपास. गावाच्या जुन्या भागात, सहज चालत जाता येईल एवढ्या अंतरात, तीन बर्गरची दुकानं आहेत. रॉबर्ट्स ग्रिल १९२६ पासून चालू आहे, जॉनीज १९४६ पासून आणि सिड्स डायनर १९९०च्या सुमारास सुरू झालं. तिन्हींचा मुख्य पदार्थ एकच: गोमांसाचा खिमा आणि जवळपास तेवढाच कांदा, दोन्ही तव्यावर एकमेकांत दाबून भाजलेले आणि मऊ पावात घालून दिलेले. तिकडे त्याला फ्राइड अनियन बर्गर म्हणतात.

मी या प्रकरणात शिरलो ते एका प्रश्नामुळे. हा बर्गर तंगीतून जन्मला. मांस परवडेना म्हणून कांदा वाढवला, इतकी साधी गोष्ट. पण तंगीतलं अन्न लोक दिवस पालटल्यावर टाकून देतात. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने सगळ्यांना एकाच प्रकारचा करडा, कोंडायुक्त पाव खायला लावला होता. १९५६ मध्ये तो बंद झाला तेव्हा त्यासाठी कुणी रडलं नाही. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा. त्याची लालसर, चिवट भाकरी खाऊन ज्यांनी दिवस काढले त्यांच्यापैकी कुणीही सुकाळात हौसेने मिलो शोधत गेलं नाही. मग एल रिनोत काय वेगळं घडलं? मांस स्वस्त झालं, लोकांच्या हातात पैसा आला, तरी कांदा का हटला नाही?

तंगी कुठून आली

एल रिनो हे रेल्वेचं गाव होतं. रॉक आयलंड रेल्वेचे दोन मोठे मार्ग इथे एकमेकांना छेदत, एक उत्तर-दक्षिण आणि एक पूर्व-पश्चिम. त्यामुळे यार्ड, इंजिनदुरुस्तीचे कारखाने, रेल्वेची कचेरी, सगळं इथेच. गावातल्या घरांमध्ये पगार यायचा तो बहुतेक रेल्वेचा. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडणारे फिटर, बॉयलरवाले, रात्रपाळी करून घरी निघालेले कामगार ही छोट्या खाणावळींची गिऱ्हाइकं. त्यांना बसून चार पदार्थ मागवायला वेळ नव्हता. हातात धरून खाता येईल, पोट भरेल आणि खिशातल्या सुट्ट्या पैशांत बसेल असंच काहीतरी हवं असायचं.

१ जुलै १९२२ला देशभरातल्या रेल्वे कारखान्यांतले सुमारे चार लाख कामगार संपावर गेले. रेल्वे लेबर बोर्डाने त्यांच्या मजुरीत तासाला सात सेंटांची कपात केली होती. कंपन्यांनी बदली कामगार आणले, संपकऱ्यांची सेवाज्येष्ठता काढून घेतली आणि १ सप्टेंबरला अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलने न्यायालयातून संपाविरुद्ध अतिशय कडक मनाई हुकूम मिळवला. शरद ऋतू संपेपर्यंत संप मोडला होता. रेल्वेवरच जगणाऱ्या गावात दोन-तीन महिने पगार बंद म्हणजे काय, हे मुंबईच्या गिरणगावातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

गावात सांगतात ती गोष्ट अशी. डेव्हिस कुटुंबाचं हॅम्बर्गर इन नावाचं छोटं दुकान होतं. संपाच्या दिवसांत त्यांनी मांसाचा गोळा लहान केला आणि त्यावर अर्ध्या कांद्याएवढे पातळ काप टाकून दाबायला सुरुवात केली. काही जण हीच गोष्ट १९३०च्या महामंदीची म्हणून सांगतात. मला दोन्हींत मोठा विरोध दिसत नाही. १९२२ मध्ये सुरू झालेली युक्ती मंदीत घट्ट रुजली असेल, कारण १९३०च्या दशकात ओक्लाहोमाची अवस्था संपाच्या काळाहूनही वाईट होती. राज्याच्या पश्चिमेकडची शेती धुळीच्या वादळांनी उजाड केली होती आणि हजारो कुटुंबं सामान बांधून याच गावावरून कॅलिफोर्नियाकडे निघाली होती.

कांदा मांसाबरोबर दाबणं ही कल्पना त्या पट्ट्यात आधीपासून होती, हेही नोंदवायला हवं. उत्तरेला कॅन्सस राज्यातल्या विचिटामध्ये वॉल्टर अँडरसन हा स्वयंपाकी खिम्याचे छोटे गोळे कांद्यासह तव्यावर चपटे करून विकत होता. १९२१ मध्ये बिली इन्ग्रॅमशी भागीदारी करून त्याने व्हाइट कॅसल सुरू केलं, पाच सेंटांना एक बर्गर. त्याच्याकडे कांदा चवीपुरता होता. एल रिनोत तो मांसाच्या बरोबरीने आला, आणि प्रमाणातला हाच बदल मला निर्णायक वाटतो.

हिशोब करून पाहू. समजा वजनाला वजन मांस कांद्याच्या पाचपट महाग आहे. शंभर ग्रॅम मांसाच्या बर्गरला ५०० एकक खर्च येत असेल, तर साठ ग्रॅम मांस आणि साठ ग्रॅम कांद्याला ३६० येईल. म्हणजे मालाच्या खर्चात अठ्ठावीस टक्के बचत. आणि दाबल्यावर ती टिक्की पावाच्या बाहेर येईल इतकी रुंद होते, म्हणजे गिऱ्हाइकाला आपल्या ताटात काही कमी आल्यासारखं वाटत नाही. भाजताना कांद्यातलं पाणी उडून तो आटतो हे खरं, पण तोवर टिक्कीने आपला घेर धरलेला असतो. (आपल्याकडे हा हिशोब दर वर्षी टिकला नसता. लासलगावचा भाव ज्याने पाहिला आहे तो कांद्याला कायमची स्वस्त भर मानणार नाही.)

तव्यापाशी

रॉबर्ट्स ग्रिलमध्ये दुपारी तीनच्या सुमारास गेलो, जेवणाची गर्दी ओसरल्यावर. जागा एवढीशीच आहे. एक काउंटर, त्यापुढे ओळीने स्टुलं आणि काउंटरपलीकडे हात लांब केला तर पोहोचेल इतक्या जवळ तवा. टेबलं नाहीत, वेगळं स्वयंपाकघर नाही. जे काही होतं ते डोळ्यांसमोर होतं.

तवा म्हणजे लोखंडी सपाट पाटा, वर्षानुवर्षं वापरून काळाभोर झालेला. तव्यावरच्या माणसाने खिम्याचा गोळा उचलून त्यावर टाकला. गोळा लिंबापेक्षा मोठा, पण मुठीपेक्षा लहान. त्यावर त्याने ओंजळभर कांदा ठेवला. कांदा इतका पातळ कापलेला की कापांतून पलीकडचं दिसावं. ढीग गोळ्यापेक्षा उंच होता आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं की यातला निम्मा बाहेर सांडणार. मग त्याने जाड उलथण्याची पाठ त्यावर टेकवली आणि दुसऱ्या हाताचा भार देऊन दाबलं. एकदा मध्यावर, मग कडेकडेने फिरवत. कांद्याचे धागे खिम्यात रुतले, काही कडेने बाहेर आले, आणि मीठ पडलं. पुढे दोन-तीन मिनिटं त्याने टिक्कीला हात लावला नाही.

हा थांबण्याचा वेळच सगळ्यात महत्त्वाचा आहे. खिमा गार असताना त्यातली चरबी घट्ट असते, म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात दाबलं तर मांस तव्याला पूर्ण चिकटतं आणि आतलं काही वाया जात नाही. तेच काम दोन मिनिटांनी केलं तर वितळलेली चरबी आणि रस तव्यावर वाहून जातो आणि टिक्की कोरडी पडते. घरी बर्गर करणारे बहुतेक लोक नेमकं उशिरा दाबतात, कारण चर्र आवाज ऐकायला बरा वाटतो. तव्याला टेकलेली बाजू १४० अंश सेल्सिअसच्या वर गेली की प्रथिनं आणि साखरेतली मायार्ड अभिक्रिया वेग घेते आणि तो खमंग तपकिरी थर धरतो, ज्याला आपण खरपूस म्हणतो.

मग त्याने उलथण्याची धार टिक्कीखाली जवळजवळ आडवी सरकवली आणि खरवडून एका झटक्यात उलटली. थर तव्यावर न राहता टिक्कीबरोबरच आला पाहिजे. सगळं कसब तिथे आहे. आता कांदा खाली गेला. कांद्यात नऊ दशांश पाणी असतं. ते वाफ होऊन वर येतं आणि मांस कोरडं पडू देत नाही. त्याच वेळी मांसातली चरबी झिरपून कांद्यावर उतरते आणि कांदा त्यात तळला जातो. त्याचा उग्रपणा जातो, साखर तपकिरी होते, कडेचे धागे जवळजवळ करपतात आणि मधले मऊ गोड राहतात. एका टिक्कीत दोन्ही.

चीजचा काप पडला, आणि त्यावर पावाचे दोन्ही भाग उपडे ठेवले गेले. कांद्याची वाफ पावात शिरते. भुर्जीपावच्या गाडीवर पाव तव्यावरच्या मसाल्यात टेकवून काढतात, त्याच जातीचं काम, फक्त इथे पाव तव्याला लागत नाही, वाफेवर फुलतो. म्हणून तो घट्ट, कुरकुरीत कवचाचा पाव असून चालत नाही. साधा, मऊ, किंचित गोडसर पावच हवा.

बर्गर हातात आला तेव्हा गरम इतका की एका हाताने धरवेना. आधी पाव जाणवला, जवळजवळ नसल्यासारखा. मग कडेचा कुरकुरीत कांदा, मग मांसाचा खारट थर, आणि सगळ्यात शेवटी तो गोड, चरबीत शिजलेला मधला कांदा. पिवळी मोहरी आणि व्हिनेगरमधल्या काकडीच्या चकत्या यांचं काम मी पहिल्या घासाला ओळखलं नाही, दोन-तीन घासांनी कळलं. कांदा गोड, चरबी जड, तेव्हा आंबट-तिखट काहीतरी मध्ये लागतंच. टोमॅटो आणि लेट्यूस इथे खपत नाहीत, आणि खपूही नयेत असं माझं मत आहे. पाणी सोडणाऱ्या गार भाज्या घातल्या की कांद्यावर घेतलेली मेहनत वाया जाते.

माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी बर्गरबरोबर कोनी मागवला होता. म्हणजे पावातलं सॉसेज, वर खिम्याची चिली आणि त्यावर बारीक चिरलेल्या कोबीचं मोहरी घातलेलं स्लॉ. तीही या गावची खूण, पण तिच्यावर इथे वेळ घालवत नाही.

दाखवून घातलेली भर

आता मूळ प्रश्न. मांसात भर घालणं ही जगभरची जुनी युक्ती आहे. वरकरणी एल रिनोची गोष्ट त्यातलीच एक वाटते. पण त्या काळात खिम्याकडे लोक कसे पाहत होते हे लक्षात घेतल्याशिवाय ती नीट कळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत खिमा हे संशयाचं अन्न होतं. खाटकाकडे उरलेलं, जुनं झालेलं, काय काय मिसळलेलं मांस यंत्रातून काढून विकतात अशी लोकांची खात्री होती, आणि ती सगळीच चुकीची नव्हती. व्हाइट कॅसलने या संशयावर उत्तर म्हणून दुकान पांढरंशुभ्र केलं, चकचकीत धातू वापरला, तवा गिऱ्हाइकासमोर ठेवला. १९३० मध्ये तर कंपनीने एका वैद्यकीय विद्यार्थ्याला तेरा आठवडे फक्त आपले बर्गर आणि पाणी देऊन त्याची प्रकृती ठणठणीत राहते हे दाखवण्याचा प्रयोग प्रायोजित केला. इतकी गरज पडत होती.

अशा वेळी मांस कमी करून त्यात दुसरं काही घालणारा दुकानदार आगीशी खेळत असतो. एल रिनोत ते निभावलं, कारण कांदा लपवता येत नाही आणि कुणी लपवलाही नाही. तो वरून, गिऱ्हाइकाच्या समोर, ढीगभर पडतो. काउंटरपलीकडे दोन हातांवर बसलेला संपकरी फिटर पाहत असतो की गोळा लहान आहे आणि कांदा मोठा आहे. त्याला ठाऊक असतं की दुकानदारही त्याच्याच तंगीत आहे. इथे फसवणुकीला जागाच उरत नाही. माझ्या मते या बर्गरच्या टिकण्याचं पहिलं कारण हे आहे, आणि ते चवीच्याही आधीचं आहे.

तुलनेसाठी मिसिसिपी राज्यातलं कॉरिंथ गाव घ्या. तिथे साधारण त्याच काळात स्लगबर्गर निघाला. त्यात भर आतून घालतात: बटाट्याचं पीठ, नंतरच्या काळात सोयाबीन, मांसात कालवून टिक्की करायची आणि भरपूर तेलात तळायची. तोही टिकला आहे. दर जुलैत कॉरिंथमध्ये त्याचा उत्सव होतो आणि तिथले लोक त्यावर जीव टाकतात. तेव्हा लपलेली भर टिकतच नाही, असं म्हणणं चूक ठरेल. पण स्लगबर्गर आपल्या गावाबाहेर फारसा गेला नाही. ज्यांनी तो लहानपणी खाल्ला त्यांचाच तो राहिला. एल रिनोचा बर्गर ज्याला संप, मंदी, ओक्लाहोमा यांतलं काही माहीत नाही अशा माणसालाही पहिल्या घासात पटतो. फरक भरीच्या जातीत आहे. पीठ मांसाची चव पातळ करतं. कांदा तव्यावर स्वतःची चव तयार करतो, मांसाकडून चरबी घेतो आणि त्याला ओलावा देतो. मांसाचा वाटा वाढवून कांदा कमी केला तर हा बर्गर महाग होतो आणि वाईट लागतो. म्हणूनच सुकाळ आल्यावर मागे जाण्याचं कारण उरलं नाही. मिलो आणि कांद्यातला फरकही तोच आहे: मिलो ज्वारीच्या जागी आला होता, तर कांदा मांसाच्या जागी न बसता त्याच्या शेजारी बसला.

या काउंटरच्या मोकळेपणाबद्दल लिहिताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ओक्लाहोमा हे वंशभेदाचे कायदे असलेलं राज्य होतं आणि त्या प्रदेशातल्या खाण्याच्या काउंटरवर काळ्या माणसाला शेजारी बसून खाता येत नसे. रेल्वेत घाम गाळणाऱ्यांत तेही होते. १९ ऑगस्ट १९५८ला एल रिनोहून तासाभराच्या आत असलेल्या ओक्लाहोमा सिटीत क्लारा ल्यूपर या शिक्षिका आपल्या युवागटातल्या मुलांना घेऊन कॅट्झ ड्रग स्टोअरच्या काउंटरवर जाऊन बसल्या. दोन-तीन दिवसांत त्या कंपनीने आपली काउंटरं सगळ्यांना खुली केली. देशव्यापी कायदा यायला १९६४ उजाडलं. सगळ्यांसमोर तवा मांडलेला असण्याचं कौतुक करताना त्या स्टुलांवर 'सगळे' बसू शकत नव्हते हे विसरलं, तर हा अभ्यास खोटा होईल.

रेल्वे गेली, रस्ता गेला

११ नोव्हेंबर १९२६ला शिकागो ते लॉस एंजेलिस हा रूट ६६ अधिकृतपणे जाहीर झाला आणि तो एल रिनोतून गेला. रॉबर्ट्स ग्रिल त्याच वर्षीचं. त्यामुळे पर्यटकांसाठीच्या पत्रकांत हा बर्गर 'रूट ६६चा' म्हणून येतो. मला हे अर्धसत्य वाटतं. रस्त्यामुळे वाटसरू आले, दुकानाचं नाव दूरवर गेलं, हे खरं. पण नेहमीचं गिऱ्हाईक गावातलंच राहिलं, आणि पुढे तेच कामी आलं.

कारण नंतर दोन्ही आधार गेले. आय-४० गावाच्या दक्षिणेकडून निघून गेला आणि १९८५ मध्ये रूट ६६चा महामार्गाचा दर्जाच काढून घेतला गेला. त्या रस्त्यावरच्या कितीतरी गावांतली खाणावळ, पेट्रोलपंप, मोटेल यांना कुलपं लागली. एल रिनोला त्याआधीच मोठा घाव बसला होता. रॉक आयलंड रेल्वे १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि १९८०च्या मार्चअखेरीस तिच्या गाड्या कायमच्या थांबल्या. ज्या कामगारांसाठी हा बर्गर निघाला, त्यांचं कामच संपलं.

तरी दुकानं राहिली. एक तर ती लहान होती. एक तवा, एक-दोन माणसं, थोडी स्टुलं, मोजका माल. धंदा निम्म्यावर आला तरी अशा दुकानाचं भाडं-पगाराचं ओझं त्याला बुडवत नाही. ज्या दुकानाने चांगल्या काळात मागे हॉल बांधला, पदार्थ पन्नास केले, त्याला मंदीत तो हॉल आणि ते पन्नास पदार्थ सांभाळावे लागतात. दुसरं, कसब गावात फिरत राहिलं. एका दुकानाच्या तव्यावर पोरवयात लागलेला मुलगा पुढे दुसऱ्याचा मालक झाला, अशी उदाहरणं इथे आहेत, आणि त्यामुळे तीन दुकानं एकमेकांना मारक ठरण्याऐवजी एका गावाची सवय बनली. कुठला बर्गर श्रेष्ठ यावर घराघरांत वाद आहे. वाद आहे तोवर तिघांनाही गिऱ्हाईक आहे.

आणि १९८९ मध्ये गावाने फ्राइड अनियन बर्गर डे सुरू केला. मे महिन्यातला पहिला शनिवार. त्या दिवशी रस्त्यातच एक प्रचंड बर्गर भाजतात, अलीकडच्या वर्षांत साडेआठशे पौंडांहून अधिक, म्हणजे जवळपास ३८५ किलोंचा, आणि तो लोकांत वाटून टाकतात. अशा महाकाय बर्गरची चव काय असणार? तव्यापासची सगळी बारकाई त्यात हरवते. पण रेल्वे गमावलेल्या गावाने दहा वर्षांच्या आत आपली ओळख म्हणून कामगाराच्या जेवणाची निवड करावी, याचा मला मनापासून आदर वाटतो.

दुसरीकडे नेताना

गेल्या दहा-पंधरा वर्षांत तव्यावर दाबून केलेला स्मॅश बर्गर सगळीकडे पोहोचला आहे आणि त्याच्या पाठोपाठ 'ओक्लाहोमा' नावाने कांद्याचा बर्गरही. बर्गरचा इतिहास गोळा करणारे जॉर्ज मोट्झ यांनी २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काउंटर आणि स्टुलांचं दुकान उघडलं, त्यात तो मुख्य पदार्थांपैकी एक आहे. मुंबई-पुण्यातही स्मॅश बर्गरच्या पाट्या दिसतात. यांतल्या अनेक ठिकाणी मला खटकतं ते हे, की कांदा आधी वेगळा परतून, गोड करून वरून घालतात. त्याने काम सोपं होतं, गर्दीत वेळ वाचतो. पण कांदा कच्चा असताना मांसात रुतला नाही तर त्याचं पाणी मांसाला मिळत नाही आणि मांसाची चरबी त्याला. दोन पदार्थ एका पावात येतात, एवढंच होतं. शिवाय असा बर्गर साध्या बर्गरपेक्षा महाग विकला जातो, तेव्हा स्वस्त करण्यासाठी आलेल्या कांद्याचे जास्त पैसे गिऱ्हाइकाने का द्यावेत, हे मला समजत नाही.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या मांसावर बंदी आहे आणि बंदीच्या आधीही आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी ते येत नव्हतं. ज्यांना हा बर्गर घरी करून पाहायचा आहे त्यांनी मटणाचा खिमा घ्यावा. बकऱ्याचं मांस चरबीला कमी असतं, म्हणून खाटकाला खिमा करतानाच चरबी घालायला सांगावं. पाच भागांत एक भाग चरबी हवी. खिमा मात्र धुवू नये. आपल्याकडे धुण्याची सवय आहे, पण धुतलेला खिमा पाणी धरून बसतो आणि तव्यावर भाजण्याऐवजी उकडतो. धुण्याने जंतूही जात नाहीत, ते भाजण्यानेच जातात. खिमा आतपर्यंत ७१ अंशांवर गेला की तो खायला निर्धोक समजतात आणि इतकी पातळ टिक्की तिथे चटकन पोहोचते. आलं-लसूण, अंडं, पाव असं काही कालवू नये, मीठसुद्धा आधी घालू नये, नाहीतर टिक्की कबाबासारखी घट्ट होते.

नाशिकचा लाल कांदा चालतो. तिकडच्या कांद्यापेक्षा तो उग्र आहे, म्हणून काप शक्य तितके पातळ हवेत. तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी, धुरावेपर्यंत तापलेला. नॉनस्टिक नको. त्यावर इतकं तापमान देता येत नाही आणि खरवडताही येत नाही. जड तळाची छोटी कढई किंवा वाटणाचा वरवंटा खाली कागद लावून दाबायला चांगला. दाबणं सुरुवातीलाच, एकदाच. पाव साधा लादीपाव, कापून. मटणाची टिक्की गोमांसाच्या टिक्कीपेक्षा लवकर आटते, तेव्हा उलटल्यावर आच मध्यम करून लगेच पाव वर ठेवावा, आणि कांद्याच्या कडा काळपट होऊ लागल्या की उतरवून तव्यापाशीच उभं राहून खावा.